जुनाट चक्कर असताना बुद्धी आणि मन कसे सांभाळावे

महिनोन्महिने डगमगल्यासारखे वाटणारा माणूस जेव्हा शब्द आठवत नाहीत, हिशेब चुकतो, गर्दीची धास्ती वाटते असे सांगतो, तेव्हा ‘हे सारे मनाचे आहे’ असे म्हणणे त्याच्यावर अन्यायाचे आहे. अंतःकर्ण, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदना जुळवून मेंदू एरवी आपल्या नकळत तोल राखतो. त्या जुळेनाशा झाल्या की लक्ष तिकडे खर्ची पडते आणि विचारासाठी कमी उरते. शिवाय अंतःकर्णाचे संदेश मेंदूतील, स्थळांची स्मृती राखणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागापर्यंत आणि भीतीशी निगडित केंद्रांपर्यंतही पोहोचतात.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडून निदान करून घ्यावे, आणि त्यांना चकरेइतक्याच स्पष्टपणे विसरभोळेपणा, झोप व भीती यांविषयीही सांगावे. तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशी त्रास होत असेल आणि उभे राहिल्यावर, हालचालीत किंवा गजबजलेल्या बाजारात तो वाढत असेल, तर चक्करविकारांच्या तज्ज्ञांच्या बरानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये ज्याचे निकष प्रसिद्ध केले त्या ‘पीपीपीडी’बद्दल (पर्सिस्टंट पोस्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी डगमगल्याची जाणीव) जरूर विचारावे. या विकारात एमआरआय निर्दोष येऊ शकतो; त्यावरून त्रास खोटा ठरत नाही.

सर्वांत जपायचे ते घरी बसून राहण्यापासून. टाळलेली प्रत्येक हालचाल भीती पक्की करते आणि मेंदूला जुळवून घेण्याची संधी नाकारते. म्हणून प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, भिंतीवरील अक्षरावर नजर रोखून मान हळूहळू वळवण्यासारखे व्यायाम रोज थोडे करावेत. त्यानंतर किंचित वाढलेली आणि थोड्या वेळात ओसरणारी चक्कर अपेक्षितच असते. प्रोक्लोरपेराझिनसारखी चक्कर दाबणारी गोळी तीव्र झटक्यात उपयोगी पडते, पण महिनोन्महिने घेतल्यास हे जुळवून घेणे लांबते, म्हणून ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारावे. विचार-वर्तन उपचार किंवा नैराश्यावरील काही औषधे सुचवली गेली, तर त्यात कमीपणा मानू नये. पीपीपीडीत ती नैराश्य नसतानाही देतात.

जिना उतरताना फोनवर बोलू नये, हिशेबाची कामे बसून, विश्रांतीनंतर करावीत. घरच्यांनी चालत्या माणसाला प्रश्न विचारणे टाळावे. चकरेसोबत अचानक एकाची दोन दृश्ये दिसू लागली, बोलणे अडखळले, हातापायात अशक्तपणा आला किंवा असह्य डोके दुखू लागले, तर तातडीने रुग्णालय गाठावे.