जुळ्या दिसणाऱ्या पतंगांची ओळख: विच्छेदन व डीएनए तपासणीपूर्वीची तयारी

घाटे अळीचा पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा आणि त्याचा अमेरिकी भाऊबंद हेलिकोव्हर्पा झिआ यांच्या पंखांवरून निर्णय करू नये. अशा जोड्यांसाठी जननांगांची रचना आणि डीएनए या दोन्ही साक्षी लागतात, आणि त्या एकाच नमुन्याच्या असल्या तरच उपयोगी पडतात. म्हणून सर्वप्रथम प्रत्येक पतंगाला एक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक टाचणीवरच्या चिठ्ठीवर, डीएनएसाठी काढलेला पाय ठेवण्याच्या कुपीवर व जननांगांच्या काचपट्टीवर लिहावा. ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर नसेल, तर पुढच्या मेहनतीला फारसा अर्थ उरत नाही.

कोणतेही रसायन लावण्यापूर्वी पंखांची वरची व खालची बाजू छायाचित्रात टिपावी आणि एक-दोन पाय स्वच्छ चिमट्याने काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये थंड जागी ठेवावेत. दोन नमुन्यांच्या दरम्यान चिमटा पुसून निर्जंतुक करणे कंटाळवाणे वाटते, पण परक्या डीएनएची भेसळ नंतर ओळखणे त्याहून कठीण असते. फॉर्मॅलिन मात्र टाळावे, कारण त्याने डीएनए खराब होतो.

विच्छेदनासाठी संपूर्ण उदर काढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये रात्रभर ठेवावे किंवा थोडा वेळ बेताने गरम करावे, म्हणजे स्नायू व चरबी विरघळून कायटिनचे (कीटकाच्या टणक कवचातल्या द्रव्याचे) भाग उरतात. उकळण्याची घाई करू नये, कारण मादीची शुक्रपिशवी फार नाजूक असते. हे द्रावण त्वचेला व डोळ्यांना इजा करते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा जवळ असावेत. खवले मऊ कुंचल्याने झाडून, रंजकद्रव्याची सोय आधीच करावी. रंगाशिवाय पातळ पडदे दिसतच नाहीत. नरामध्ये शिश्नाच्या आत दुमडलेली व्हेसिका ही पिशवी उलटून फुगवण्यासाठी बारीक सिरिंज हाताशी हवी, कारण वरील जोडीत खरा फरक तिथेच आहे: झिआमध्ये तिच्या बुडाशी तीन फुगवटे असतात, आर्मिजेरामध्ये एकच.

डीएनएसाठी सीओआय या मायटोकॉन्ड्रियल (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचा, तुकडा वाचला जातो; यालाच बारकोड म्हणतात. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येत असल्याने संकरित पतंग त्यात आईच्याच जातीचा दिसतो, आणि कीटकांच्या पेशींत राहून आईकडून पिल्लांत जाणाऱ्या व्होल्बाकिया जिवाणूच्या प्रसारामुळे दोन जातींत एकच अनुक्रम पसरलेला असू शकतो. म्हणून ईएफ-१ अल्फा यांसारख्या केंद्रकीय, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणाऱ्या, जनुकाचे प्रायमर (तो तुकडा वाचायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) यादीत आधीच असावेत. जननांगांची रचना आणि डीएनए या दोन साक्षी जुळल्या नाहीत तर बारकोडच्या बाजूने झटकन कौल देण्यापेक्षा त्या जोडीचे आणखी नर व माद्या तपासणे माझ्या मते अधिक योग्य आहे. त्यासाठी दोन्ही जातींचे खात्रीशीर ओळखलेले नमुने तुलनेला मिळवून ठेवावेत, आणि उरलेला डीएनए उणे २० अंशांवर जपावा, म्हणजे तेच जनुक पुन्हा वाचता येते.