गुठळीची प्रवृत्ती तपासायची? नमुना घेण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न तपासणीच्या फॉर्मवर छापलेला नसतो. रिपोर्ट कसाही आला तरी या रुग्णाचे औषध, त्याची मुदत किंवा नातेवाइकांना द्यायचा सल्ला बदलणार आहे का? बदलणार नसेल तर रक्त काढूच नये. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत गुठळी झाली, तर कारण समोर आहे. साधारण ३ महिने औषध देऊन थांबायचे असते. कारण नसताना गुठळी झाली आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर औषध बहुधा दीर्घकाळ चालू राहते, फॅक्टर फाइव्ह लायडन (गुठळीकडे झुकवणारा आनुवंशिक जनुकदोष) सापडो वा न सापडो. या दोषाची एक प्रत असली की पहिल्या गुठळीचा धोका ३ ते ५ पट होतो, पण गुठळी पुन्हा होण्याच्या धोक्यात किरकोळच भर पडते.

मग तपासायचे कोणाला? तरुण वयात विनाकारण गुठळी आणि जवळच्या नात्यात तसाच इतिहास; मेंदूच्या किंवा पोटातल्या शिरांसारख्या अनपेक्षित जागी गुठळी; वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध सुरू करताच त्वचा काळी पडणे; तरुणपणी नेहमीची कारणे नसताना पक्षाघात; वारंवार गर्भपात किंवा १० आठवड्यांनंतर निरोगी वाढीचा गर्भ दगावणे. शेवटच्या दोन प्रसंगांत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे स्वतःच्याच अँटिबॉडींमुळे गुठळ्या होण्याचा आजार, शोधायचा असतो. औषधाची निवड ठळकपणे बदलणारा हा आजार आहे: त्याच्या तिन्ही चाचण्या (ल्युपस अँटिकोॲग्युलंट, तसेच कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असतील तर रिव्हरोक्सॅबानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांऐवजी वॉरफरिन द्यावे लागते. पोटातल्या शिरांच्या गुठळीत जॅक-२ म्युटेशन (बोन मॅरोच्या आजारांतला जनुकदोष) आणि पीएनएच या रक्तपेशी फुटण्याच्या आजारासाठीची फ्लो सायटोमेट्री (पेशींची तपासणी) विसरू नये. एमटीएचएफआर या जनुकाची चाचणी मात्र यादीतून खोडून टाकावी. त्यातून रुग्णाच्या हाती काळजीखेरीज काही लागत नाही.

सर्वाधिक चुका वेळेत होतात. ताजी गुठळी स्वतःच अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी आणि प्रोटीन एस ही गोठण्याला आवर घालणारी रक्तातली प्रथिने खर्च करते. हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनने अँटिथ्रॉम्बिन उतरते. वॉरफरिनने प्रोटीन सी आणि एस उतरतात, कारण दोन्ही व्हिटॅमिन के-वर अवलंबून आहेत. गर्भारपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर प्रोटीन एस घटते, लिव्हरच्या आजारात तिन्ही घटतात, आणि नेफ्रोटिक सिंड्रोम या किडनीच्या आजारात अँटिथ्रॉम्बिन लघवीतून वाहून जाते. म्हणून वॉर्डात दाखल झालेल्या दिवशी हे पॅनेल पाठवू नये. किमान ३ महिने उपचार होऊ द्यावेत. वॉरफरिन थांबवून निदान २ आठवडे जावेत, प्रोटीन एससाठी ४ ते ६ बरे. बाळंतपणानंतर आणि इस्ट्रोजेन बंद केल्यावर किमान ६ आठवडे थांबावे. गोळी बंद करण्याआधी दुसरे गर्भनिरोधक ठरवलेले हवे. रिव्हरोक्सॅबान, अपिक्सॅबान, डॅबिगाट्रान यांचे डोस निदान २ ते ३ दिवस थांबवलेले असावेत, किडनी कमजोर असेल तर जास्त. नाहीतर अँटिथ्रॉम्बिन खोटे वाढलेले आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट खोटे पॉझिटिव्ह दिसू शकते. औषध थांबवणे धोक्याचे असेल तर तपासणी पुढे ढकलावी. औषधाची गरज असलेल्या कोणाचेही औषध केवळ रिपोर्टसाठी बंद करणे रास्त नाही, आणि रुग्णाने ते स्वतःहून तर कधीच करू नये.

या सगळ्यातून सुटणाऱ्या चाचण्याही आहेत. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन म्युटेशन डीएनएवर होतात, कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरुद्धच्या अँटिबॉडी एलायझावर, म्हणजे अँटिबॉडी मोजणाऱ्या पद्धतीवर. औषध चालू असतानाही त्या पाठवता येतात. डीएनएच्या चाचणीत मात्र आधी लिव्हर किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाले आहे का, हे विचारून घ्यावे.

आता नळी. रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेवर आधारलेल्या चाचण्यांना ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची (नळीत रक्त गोठू न देणारे द्रावण) निळ्या झाकणाची नळी लागते. ९ भाग रक्त, १ भाग सायट्रेट, आणि भरणे अगदी खुणेपर्यंत. कमी भरली तर सायट्रेट जास्त होऊन गोठण्याचा वेळ खोटा लांबतो. हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर लॅबला आधी कळवून सायट्रेट कमी करून घ्यावे. ही नळी ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नळीआधी भरावी, हेपरिन चालू असलेल्या लाइनमधून रक्त काढू नये. ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज झाला पाहिजे, प्लेटलेट मायक्रोलिटरमागे १०,०००च्या खाली यायला हवेत. उरलेल्या प्लेटलेटमधले फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ) अँटिबॉडीला शोषून घेते आणि खरा पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह दिसतो. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेल्या नमुन्यात हा घोटाळा आणखी वाढतो. काम ४ तासांत आटोपावे. फॉर्मवर गुठळीची तारीख, औषधाचे नाव, शेवटच्या डोसची वेळ आणि गर्भारपण लिहावे. हे रकाने रिकामे असतील तर लॅबचा डॉक्टर रिपोर्टचा अर्थ लावू शकत नाही.

एकाच रिपोर्टवर कोणाला आजार चिकटवू नये. ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि इतर अँटिबॉडी संसर्गाने काही काळ पॉझिटिव्ह येतात, म्हणून १२ आठवड्यांनी पुन्हा तपासाव्यात. प्रोटीन सी, एस किंवा अँटिथ्रॉम्बिन कमी आले तर ताज्या नमुन्यावर पुन्हा बघावे. नातेवाइकांची चाचणी तेव्हाच, जेव्हा उत्तरावर एखाद्या बहिणीची गर्भनिरोधक गोळी किंवा गर्भारपणातले इंजेक्शन ठरणार असेल. रक्त काढण्याआधीच रुग्णाला हेही सांगावे की निगेटिव्ह रिपोर्ट आला तरी गुठळीचा धोका शून्य होत नाही, आणि केवळ त्या रिपोर्टवर औषध थांबत नाही.