अमूर्त चित्रं भिंतीवर लावताना

लातूर-नांदेडकडे प्रदर्शन शक्यतो दिवाळीनंतर ठेवा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; बंद टेम्पोत ॲक्रिलिकचा थर मऊ पडतो आणि बबल रॅपचे गोल ठसे चित्रावर उमटतात. म्हणून आधी ग्लासिन कागद (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद), मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.

चित्राच्या मागे वरची बाजू दाखवणारा बाण आहे ना, ते उतरवतानाच पाहा. अमूर्त चित्र उलटं लागलं तर बघणाऱ्याला कळणार नाही, चित्रकाराला मात्र फार लागतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून 57 इंचांवर हवा. खिळ्यासाठी त्यात चित्राची निम्मी उंची मिळवा आणि मागची टांगायची तार ताणल्यावर वरच्या कडेच्या जितकी खाली येते तेवढं वजा करा. 36 इंच उंच कॅनव्हासला तार 4 इंच खाली असेल, तर खिळा 71 इंचांवर. तार बोटाने वर ताणूनच मोजा. सैल मोजली की सगळी रांग खालीवर होते.

स्पॉटलाइट उभ्या रेषेपासून 30 अंशांवर वळवा. भिंतीला फार जवळ लावला तर जाड रंगाच्या लांब सावल्या पडतात, फार दूर गेला तर पृष्ठभाग चकाकतो आणि प्रेक्षकाचीच सावली चित्रावर येते.