बॅट भारी झाली, मग खेळ का घसरला? ब्लेड-रबर बदलताना या चुका टाळा

आमच्या कोथरूडच्या टेबल टेनिस हॉलमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी हा सोहळा होतो. कुणीतरी सॅकमधून कोरी बॅट काढतो, बाकीचे खेळ थांबवून ती हातात घेतात, टिचकी मारून बघतात, रबराचा वाससुद्धा घेतात. पहिल्याच गेमला त्याचे तीन फोरहँड थेट मागच्या भिंतीवर. आठवडाभर ‘अजून हात बसला नाहीये’ चालतं आणि मग एक दिवस गुपचूप जुनी बॅट परत येते.

मीही यातून गेलोय. रेडीमेड बॅटवरून एकदम कार्बन ब्लेड (ब्लेड म्हणजे बॅटचा लाकडी सांगाडा, यात कार्बनचेही थर), त्यावर दोन्ही बाजूंना दुकानातलं सगळ्यात जाड रबर. बॉल बाहेर जायला लागले तेव्हा दोष ब्लेडचा, फोरहँडच्या रबराचा की माझ्या हाताचा, काही म्हणता काही कळेना. सगळंच एकदम बदललेलं, शोधणार कुठे?

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. रेडीमेड बॅट असेल तर आधी पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं, साधं लाकडी ब्लेड आणि मध्यम वेगाची रबरं घ्या. ब्लेड नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, रबर मात्र झिजणारच. पुढच्या खेपेला फक्त फोरहँडचं रबर बदला, बॅकहँडला हात लावू नका. फरक कशाचा आहे ते आपोआप समजतं.

कार्बनचं आकर्षण मला कळतं. २०२३ साली अल्टिमेट टेबल टेनिस ही लीग बालेवाडीत झाली, तेव्हा तर आमच्याकडे अर्ध्या हॉलला कार्बनचे डोहाळे लागले होते. पण नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग लाकूडच असावा लागतो आणि कार्बनचा एकेक थर ०.३५ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. एवढासा थर, पण तो कुठे बसवलाय त्यावर सगळं अवलंबून. वरच्या प्लायच्या लगेच खाली असेल तर बॉल लागल्या लागल्या सुटतो. मधल्या गाभ्याला चिकटून असेल तर हलक्या फटक्याला लाकडासारखंच वाटतं. ज्याचे पुश (खालची फिरकी देऊन हलकेच परतवलेले बॉल) अजून उंच उठतात त्याने पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये.

रबराच्या पाकिटावरचे आकडे हा दुसरा सापळा. रबराच्या खाली असतो त्या स्पंजच्या कडकपणाचं माप सगळ्यांचं एक नाही. चिनी हरिकेन ३ वर ३९ लिहिलेलं असतं, जर्मन बनावटीच्या रबरावर ४७.५, जपानी टेनर्जी ०५ वर ३६. ‘४७ पेक्षा ३९ मऊ’ असा हिशेब करून माझ्या एका मित्राने हरिकेन घेतलं आणि हातात आला दगड. ते चिकट, कडक रबर पूर्ण ताकदीने, लांब हात फिरवणाऱ्यासाठी आहे. अर्ध्या फटक्याला ते जागंच होत नाही, बॉल नेटमध्ये. जाडीचंही तसंच. स्पंज, वरचं रबर आणि ग्लू मिळून एका बाजूला ४ मिलिमीटरची मर्यादा आहे, पण ती गाठायलाच हवी असं नाही. बॅकहँडला १.८ किंवा २.० मिलिमीटर स्पंजचं रबर लावून बघा, ब्लॉक (समोरचा जोरदार फटका नुसती बॅट धरून परतवणं) टेबलावर राहायला लागतील.

वजनाकडे तर कुणी बघतच नाही. ९० ग्रॅमचं ब्लेड आणि कापल्यावर ५० ग्रॅमची दोन कडक रबरं म्हणजे १९० ग्रॅम. संध्याकाळचे दोन तास खेळल्यावर मनगट किंवा कोपर बोलायला लागलं तर डॉक्टरच्या आधी किचनमधला वजनकाटा काढा.

आता चिकटवणं. निम्म्या तक्रारी इथेच जन्माला येतात. पंक्चरचं सोल्युशन नको. द्रावक असलेल्या ग्लूवर २००८ पासून बंदी आहे, पाण्याचा ग्लू घ्या. स्पंजवर दोन पातळ हात, ब्लेडवर एक. पांढरा ग्लू पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. पुण्यात एप्रिलमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होतं, जुलैच्या झडीत तासभरही लागतो आणि नेमकी तेव्हाच घाई होते. ओल आत राहिली की दोन दिवसांत फुगा येतो. रबर मुठीच्या बाजूने सुरू करून पुढे टेकवत न्या, वरून लाटणं हलकेच फिरवा. दाबून, ताणून लावलंत तर ते नंतर आकसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. मग ब्लेड पालथं ठेवून, कटरला नवं पातं लावून, न थांबता कडेने कापा.

फुगा आलाच तर सुई टोचू नका. रबर काढून, जुना ग्लू बोटाने चोळून काढा आणि पुन्हा लावा. काढताना मुठीकडच्या कोपऱ्यातून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सावकाश. आडवं ओढलं की ढलपी निघालीच. ती निघायला नको म्हणून नव्या ब्लेडला पहिल्या रबराआधी वार्निशचा एक अगदी पातळ हात देतात. जाड दिलात तर मात्र लाकडाचा स्पर्शच बदलतो.

स्पर्धा खेळणार असाल तर एक बाजू काळी हवीच. दुसरी लाल किंवा २०२१ पासून चालणाऱ्या गुलाबी, जांभळ्या, हिरव्या, निळ्यातली. आंतरराष्ट्रीय महासंघाचा शिक्का मुठीजवळ दिसेल असं रबर लावा. कापताना तोच उडवणारे मी पाहिलेत.

आणि मे महिन्यात बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. खेळून झालं की ओल्या स्पंजने रबर पुसायचं, वाळलं की प्लास्टिकची फिल्म लावायची. पुसल्यावरही बॉल घसरतच असेल, पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल, तर ते रबर म्हातारं झालंय. तेवढं एकच बदला.