चुंबक अधांतरी कसे ठेवावे

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात, म्हणजे सिद्धींविषयीच्या प्रकरणात, कापसासारख्या हलक्या वस्तूशी चित्त एकरूप केल्याने आकाशगमन साधते असे म्हटले आहे, आणि अशा सिद्धी समाधीच्या आड येतात असेही त्याच पादात बजावले आहे. पुढील प्रयोग त्या वाटेचा नाही. अधांतरी वस्तूचे वजन कोण पेलते, एवढेच तो दाखवतो, आणि मुलांनी तो स्वतःच्या हातांनी करावा असे मला मनापासून वाटते.

मधोमध भोक असलेली, सारख्या मापाची चार फेराइट चुंबके घ्यावीत. निओडिमियमची चुंबके अधिक जोरकस असली, तरी वरचा मुलामा खरवडला गेला की कोकणच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजतात. लाकडी फळीत बांबूची गुळगुळीत काडी सरळ उभी ठोकावी. चुंबके तिच्यावरून सहज घसरली पाहिजेत. पहिले चुंबक तळाशी ठेवून दुसरे असे ओवावे, की सजातीय ध्रुव समोरासमोर येतील. ते खालच्याला चिकटले तर उलटे करावे. उरलेली दोन याच रीतीने ओवावीत. वरचे चुंबक बोटाने दाबून सोडल्यास ते खालीवर डुलून थांबते. आता फटी पट्टीने मोजाव्यात. सर्वांत खालची फट सर्वांत अरुंद भरते, कारण वरच्या तिन्ही चुंबकांचा भार तिच्यावर असतो.

प्रयोग पुळणीवर मात्र करू नये. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूतले लोहयुक्त कण चुंबकाला केसांसारखे चिकटतात आणि भोकात अडकून बसतात. ते कणकेच्या गोळ्याने टिपून काढावेत.

मग फळी वजनकाट्यावर ठेवावी. काट्यात लोखंड असते, म्हणून मध्ये चार जाड पुस्तके असावीत. चुंबके तरंगत असोत वा एकमेकांना चिकटलेली, काटा तेवढेच वजन दाखवतो. जत्रेत काठीवर हात टेकवून अधांतरी बसणाऱ्या माणसाचे वजनही असेच जमिनीवर येते: काठीतली सळई बाहीतून लपवलेल्या बैठकीपर्यंत जाते आणि चटईखाली जड पत्रा असतो.

शेवटी वरचे चुंबक काडीबाहेर धरून सोडावे, बोटे मात्र सांभाळावीत. ते तत्काळ कलते, उलटते आणि खालच्याला चिकटते. केवळ स्थिर, कायम चुंबकांच्या जोरावर दुसरे कायम चुंबक स्थिर तरंगत ठेवता येत नाही, हे इंग्रज गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांच्या १८४२च्या सिद्धांतातून निघते. चुंबकबळावर अधांतरी धावणाऱ्या शांघायच्या मॅग्लेव्ह गाडीत काडीचे काम विद्युतचुंबकांतला प्रवाह करतो. गाडीचे चुंबक आणि मार्ग यांतली सुमारे १० मिलिमीटरची फट सतत मोजून तो क्षणोक्षणी कमीजास्त केला जातो.