जुनी बालरहस्यकथा खानदेशात कशी वसवावी

जुन्या पुस्तकावरून खानदेशात घडणारी टीव्ही मालिका करायची तर पहिलं काम हक्कांचं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. इंग्रजी बालरहस्यकथा लिहिणाऱ्या एनिड ब्लायटन १९६८ साली गेल्या, म्हणजे त्यांची पुस्तकं इथे २०२८ संपेपर्यंत मोकळी नाहीत. इंग्लंडात मुदत ७० वर्षांची आहे, तेव्हा मालिका तिकडे दाखवायची असेल तर २०३८ धरा. भा. रा. भागवत २००१ साली गेले, त्यांच्या कथांना २०६१ अखेरपर्यंत हक्कधारकांची लेखी परवानगी हवी. मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, त्यामुळे मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून अनुवादातले संवाद उचलता येत नाहीत. नावं बदलून प्रसंग तेच ठेवले तरी सुटका नाही.

मग वर्ष ठरवा. ‘पन्नासच्या दशकातलं गाव’ एवढ्यावर काम सुरू केलं की पुढे सगळंच ढिलं पडतं. रहस्य चालतं ते कोणाला काय, केव्हा आणि किती वेळात कळतं यावर, आणि हे दर दोन-चार वर्षांनी बदलत गेलेलं आहे. उदाहरणादाखल १९५७ची दिवाळीची सुट्टी घेऊ. जागा यावल तालुक्यातलं गाव. जिल्हा तेव्हा पूर्व खानदेश, राज्य मुंबई. पाकिटावर तसाच पत्ता लिहायचा आणि पिनकोड टाकायचा नाही, तो १९७२ साली आला. भुसावळचं स्टेशन मध्य रेल्वेचं, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून जुन्या रेल्वे कंपनीचं नाव, जी.आय.पी.च. अंतर मैलात. यावल ते भुसावळ बारा मैल धरले तर बैलगाडीला पाच-सहा तास, सायकलला दीड. संशयिताच्या ‘मी तेव्हा भुसावळला होतो’ या दाव्याची परीक्षा याच आकड्यांवर होते, म्हणून ते पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता पुस्तकातला एकेक पुरावा काढा आणि विचारा, हा १९५७च्या खानदेशात उभा राहतो का? दीपगृह, बेट, समुद्री गुहा गेल्या. त्यांच्या जागी इथलं काय बसतं ते पाहा. धाब्याची घरं ही तर मुलांच्या रहस्यकथेला मिळालेली देणगीच आहे. सपाट मातीची धाबी एकमेकांना लागून, त्यामुळे गल्लीत पाऊल न टाकता आळीच्या या टोकापासून त्या टोकाला जाता येतं. मोठ्या माणसांना ऐकू न जाता पळणं, वरून पाहणं, वाळत घातलेल्या बिबड्यांवर (ज्वारीच्या पापडांवर) उमटलेलं पाऊल, सगळं तिथेच मिळतं. भुयाराच्या जागी पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, चालतो, पण खऱ्या पेवात मुलांना कधीच उतरवू नका. आत साचलेल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. सेटवर चार फुटांचं, एक बाजू उघडी असलेलं पेव बांधा.

नव्याने घालायचा पुरावाही त्या वर्षातूनच काढावा. समजा जिनातल्या (कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या) दिवाणजींवर पैशाच्या अफरातफरीचा आळ आहे आणि त्यांच्याविरुद्ध एक पावती पुढे येते: तारीख १२ फेब्रुवारी १९५७, रक्कम ‘४७ रुपये ३५ न. पै.’ नये पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ला. पावती खोटी, मागाहून लिहिलेली. मात्र आजच्या मुलांना हे ठाऊक नाही, म्हणून नियम पहिल्या भागात शिकवावा लागतो, आणि शिकवतोय असं वाटू न देता. दुकानाचा प्रसंग घाला. मुलगा जुनी आणेली देतो, वाणी सहा नये पैसे धरतो. मुलगा अडून बसतो: चार आण्यांचे पंचवीस, मग चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीसच कसे? वाद गोळ्यांवरून चाललाय असं प्रेक्षकाला वाटतं आणि एप्रिलचा उल्लेख त्याच भरात वाण्याच्या तोंडून निघून जातो. चौथ्या भागात पावती हातात आली की घरातलं पोर मोठ्यांच्या आधी ओरडलं पाहिजे.

पुस्तक आणि पडदा यांतला सगळ्यात मोठा फरक इथे आहे. पुस्तकात लेखक पुरावा दहा वाक्यांत मिसळून टाकतो. पडद्यावर पावतीचा क्लोजअप घेतला की ती ओरडून सांगते ‘मी पुरावा’. म्हणून पहिल्यांदा ती दाखवाल तेव्हा तिला दुसरं काहीतरी काम द्या: तिच्यावर कोणी अडकित्ता ठेवलाय, कोणी तिने वारा घेतंय. रक्कम वाचता येईल इतकी, साधारण दोन सेकंद, फ्रेममध्ये राहू द्या आणि पात्राची नजर दुसरीकडे ठेवा. प्रत्येक पुरावा उकल होण्याआधी दोनदा दिसायला हवा. एकदाच दिसला तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, तीनदा दिसला तर कंटाळा येतो.

सव्वाशे-दीडशे पानांच्या पुस्तकाचे २२ मिनिटांचे चार भाग नीट होतात. सहा केले की मधले दोन नुसत्या पाठलागांनी भरावे लागतात.

ती पावती हातात धरून पाहू, कारण कलाविभागाच्या चुका तिथेच होतात. पहिली चूक म्हणजे कागद चहात बुडवून पिवळा करणं. १९५७च्या दिवाळीत ती पावती नवी आहे! कागद पांढरा ठेवा, फक्त घड्यांवर मळ. हाच नियम पितळी भांड्यांना, दिवाळीपूर्वी रंगवलेल्या भिंतींना, नव्या परकराला लागू. दुसरी चूक बॉलपेन. टाकाची रेघ जाड-बारीक होत जाते, बॉलपेनची एकसारखी राहते, आणि मोठ्या टीव्हीवर ते लपत नाही. तिसरी चूक शुद्धलेखनाची. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. त्याआधीची पाटी, पत्र, पावती ‘नांव’, ‘गांवीं’, ‘कांहीं’ अशीच लिहायला हवी. दिवाणजी वयस्कर असतील तर खातेवहीत मोडी येऊ द्या. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहितात, नटाला एवढं तरी शिकवाच.

शेतात गेलात की आधी ठिबकच्या काळ्या नळ्या गुंडाळा. १९५७मध्ये केळीला पाटाने पाणी जायचं. बांधावरचं गाजरगवत उपटून टाका. ते पुण्यात पहिल्यांदा दिसलं १९५५च्या सुमारास, यावलला इतक्यात पोचणार नाही, शिवाय मुलांना त्याने खाज सुटते. रुंद दृश्यं कमी ठेवा. गल्लीत ८५ मिमीची लेन्स लावली की मागचे सिमेंटचे खांब, डिश, निळे प्लास्टिक बाहेर राहतात. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवा, पण लेन्स वर तिरकी केलीत तर विजेच्या तारा आल्याच. कंदिलाच्या दृश्यात कंदिलातच पिवळसर एलईडी बसवून डिमर लावा, आणि २५ फ्रेमला शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने झगमग येत नाही. पोरं अनवाणी दाखवायची असतील तर टेकपूर्वी जमीन झाडून बाभळीचे काटे वेचा आणि पाणी शिंपडा.

बोलीबाबत घाई नको. यावल-रावेरला लेवा गणबोली, धुळे-अमळनेरकडे अहिराणी. दोन्हींची खिचडी केली की खानदेशातला प्रेक्षक टीव्ही बंद करतो. मुलांचे संवाद साध्या मराठीत आणि आजी, सालदार यांच्या तोंडी बोली, हे पेलतं. बोलीचाही पुरावा होतो: मी रावेरचाच, असं सांगणारा माणूस अंधारात साथीदाराला अहिराणीत ‘आठे कोणी शे का?’ (इथे कोणी आहे का?) म्हणाला की तो पश्चिमेकडचा हे धाब्यावरच्या मुलीला कळतं. हा संवाद ध्वनिमुद्रकाने जवळच्या माइकवर स्वच्छ घ्यायला हवा, नाहीतर उकल कोणालाच पटणार नाही.

जुन्या पुस्तकांत चोर पुष्कळदा भटक्या जमातीचा असतो. तो भाग बदलाच. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी १९५७चा फौजदार आधी पारध्याच्या पालावरच जाईल. त्या काळाचं ते खरं चित्र आहे, ते दाखवा. आणि मुलांच्या हातून तो संशय पुराव्यानिशी खोटा ठरू द्या.

चित्रीकरण नोव्हेंबर ते जानेवारीत बसवा. जिनात कापूस असतो, उन्हं मऊ असतात. मे महिन्यात ४४-४५ अंशांत मुलांकडून काम करून घेणं चूक आहे. १४ वर्षांखालच्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीने २७ दिवसांहून जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, शाळेच्या अभ्यासाची सोय, आणि मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. वेळापत्रक या पाच तासांवरून मागे मोजत आखा: मुलांची दृश्यं सकाळी, मोठ्यांची दुपारनंतर, आणि धाब्यावरची रात्र उतरत्या उन्हात घेऊन नंतर निळसर करा, म्हणजे पोरं वेळेत जेवून झोपतील.