मांजरासाठी घरच्या घरी पाण्याचं कारंजं

मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी भागातले, त्यामुळे तहानेची जाणीव त्यांना मुळातच कमी. सगळं खाणं कोरडं असेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली पाणी लागतं. पण वाडग्यातलं साचलेलं पाणी हुंगून निघून जाणारी मनी सिंकच्या नळाला मात्र जीभ लावून बसते. अशा मांजरासाठी कारंजं करून बघण्यासारखं आहे. ते दिसायला कसंही असलं तरी चालेल. वीज आणि स्वच्छता या दोन बाबतींत मात्र तडजोड नको.

काय लागेल

दोन-तीन लिटरचं पसरट, जड स्टीलचं भांडं. त्यात पालथा घातल्यावर चहूबाजूंनी जागा उरेल असा स्टीलचा वाडगा. ५ व्होल्टवर चालणारा, पाण्यात बुडणारा यूएसबी पंप. खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी चालणारी सिलिकॉनची नळी.

प्लास्टिक टाळा: त्याच्या ओरखड्यांत बुळबुळीत थर धरतो, आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे पुरळ येतात. तांब्या-पितळेचे जोडही नकोत. थेट भिंतीतल्या विजेवर चालणारा फिशटँकचा पंप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

कृती

१. वाडग्याच्या बुडाला मधोमध नळीपुरतं भोक पाडा, शेजारी दोन-तीन बारीक भोकं. ही बारीक भोकं विसरू नका. ती नसतील तर पालथ्या वाडग्यात हवा कोंडते, पाणी आत चढत नाही आणि पंप कोरडा फिरून जळतो.

२. वाडग्याच्या काठाला वायरपुरती खाच करा. सगळ्या कडा कानशीने घासा. बोट फिरवल्यावर कुठेही टोचता कामा नये.

३. पंप भांड्याच्या तळाशी बसवा, नळी लावा, वरून वाडगा पालथा घाला. नळी भोकातून जेमतेम वर आली पाहिजे. पाणी मग वाडग्याच्या पाठीवरून पातळ ओघळत उतरतं. उंच धार उडवली की आवाज होतो आणि भित्री मांजरं फिरकत नाहीत. गोंद, एपॉक्सी काहीही वापरू नका. सगळं सुटं राहू द्या.

४. वायर जाड नळीत घाला, म्हणजे चावली जाणार नाही. सॉकेटमध्ये जाण्याआधी ती सॉकेटच्या खाली लोंबू द्या. वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच खाली ठिबकतं.

५. मांजराला जवळ येऊ न देता कारंजं दिवसभर चालवून बघा. अडॅप्टर चटका बसेल इतका तापला तर बदला.

पहिले काही दिवस पंप बंदच ठेवा आणि जुना वाडगा मुळीच हलवू नका. वीज गेली तर तोच उपयोगी पडतो. कारंज्याची जागा मलमूत्राच्या ट्रेपासून लांब हवी.

धुणं

पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला. आठवड्यातून एकदा प्लग काढून सगळं सुटं करा आणि भांड्याच्या साबणाने घासा. पंपाचं झाकण उघडून आतली छोटी चक्री बाहेर काढा. तिच्या दांड्याभोवती केस गुंडाळलेले सापडतात, आणि पंप घरघरतो तो बहुधा त्यामुळेच. क्षारांचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरने जातात. नंतर भरपूर पाण्याने विसळा. फिनाईल मात्र चुकूनही नको, त्यातले फिनॉलसारखे घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत.

मांजर एकाएकी फारच पाणी प्यायला लागलं तर श्रेय कारंज्याला देऊ नका, पशुवैद्याला दाखवा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. आणि बोका कुंथतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर त्याला त्याच क्षणी दवाखान्यात न्या.